डाव्या हाताचा घास

डब्याचं झाकण खट्‌कन निघालं, तशी मिरजेच्या दवाखान्याच्या ओसरीवरची शांतता मोडली. अंजनाने लेकीला जवळ ओढलं आणि आवाजाच्या दिशेने पाहिलं. शेजारच्या बाकावर एक म्हातारी, लढाईवरून परतलेल्या आपल्या लेकापुढे भाकरी धरून बसली होती. त्याची उजवी बाही खांद्यापासून रिकामी लोंबत होती.

“गुंडा, दोन घास खा रं. परवापासनं पोटात काय न्हाई.”

“भूक न्हाई, आये.”

“हितं वळखीचं कोण न्हाई. खा डाव्यानं.”

“माणसं हायती की.”

“आन घरात? दार लावून ताट दिलं, तरी तसंच ऱ्हातंय.”

“धाकल्याच्या लग्नात डाव्यानं घास घेतला, तर चुलता पान सोडून उठला.”

“त्यो जुन्या वळणाचा हाय, बाबा.”

“आन तू? तूच म्हनलीस न्हवं, चुलीपाशी जाऊन बस म्हून?”

“पावणं जाईस्तवर म्हनलं हुतं रं.”

“डागदर काय करनार? जेवायचं औषध देनार?”

“मी भरवते. ल्हान हुतास तवा…”

“नगं. ह्योच हात परसाकडं, ह्योच तोंडात. चुलता चुकला न्हाई, आये. माझी मलाच शिसारी येतीया.”

म्हातारीने भाकरी डब्यात ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

अंजनाच्या लेकीने खात असलेली पेरूची फोड डाव्या हातातून हळूच उजव्यात घेतली आणि ती आईच्या कानाशी लागली.

“आई, माझा हा हात गेला, तर मी पण जेवायचं नाही?”