ताईला का वगळलं

ताई : तुझ्या दुसऱ्या कादंबरीतला चिकट कारकून म्हणजे आपले मामा. मी लगेच ओळखलं. छत्रीसुद्धा तीच दिलीस.

बाळ्या : मामांनी नाही ओळखलं. मला म्हणाले, असा एक माणूस आमच्या ऑफिसात होता.

ताई : तिसरीत तुझे संपादक. चौथीत तुझी बायको, तीही दोनदा, एकदा माहेरी जाताना आणि एकदा परत येताना. पाचवीत शेजारच्यांची मांजर. मांजर, बाळ्या!

बाळ्या : मांजर चांगली होती.

ताई : आणि मी कुठे आहे?

बाळ्या : चहा निवतोय तुझा.

ताई : निवू दे. वर्तमानपत्रात लागलास तेव्हा मुद्रितं घरी आणायचास. मी मोठ्यानं वाचायची आणि तू चुका काढायचास. पहिली कादंबरी टाइप कुणी केली? संपादकांच्या तोंडावर राजीनामा फेकून आलास, तेव्हा त्यांच्याकडे कोण गेलं?

बाळ्या : तू. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. तू काय बोललीस ते अजून कळलं नाही मला.

ताई : बोलायचं काय त्यात? तू आणि ते, दोघंही रागानं उपाशी आहात, एवढंच सांगितलं. आता हे शेवटचं पुस्तक म्हणतोस. म्हणजे मी राहिलेच. वाईट वाटतं रे. या वयात लपवून काय करू?

बाळ्या : घातलं होतं तुला.

ताई : कधी?

बाळ्या : जवळजवळ प्रत्येक वेळी. नवराबायकोचं फाटलेलं असतं, माझं झकास चाललेलं असतं. तेवढ्यात तू दारातून आत येतेस. त्याला बाजूला घेतेस, तिला पाणी देतेस, आणि चाळिसाव्या पानावर दोघं हसत बसलेली. पुढे मी काय लिहू, माझं कपाळ? पानं फाडायचो आणि तुला वगळून पुन्हा लिहायचो.

ताई : (हसू आवरत) म्हणजे दोष माझाच.

बाळ्या : बातमीचं बरं असतं. आजचं भांडण आज छापलं की सुटलो. कादंबरीत ते शेवटपर्यंत पुरवावं लागतं. तुझ्यापुढे एकही टिकलं नसतं, ताई. खरं सांगतो, तुझ्याइतकं मला कुणी छळलं नाही.

ताई : बरं बाई. आता नाही राग. या नव्याचं कुठवर आलंय?

बाळ्या : अडलंय. दोन भाऊ आहेत. धाकटा खाली राहतो, थोरला वरच्या मजल्यावर. दुकानाच्या वाटणीवरून बोलणं बंद. मीच त्यांना इतकं पेटवलंय की आता माझंही ऐकत नाहीत. शेवटचं प्रकरण काही केल्या होत नाही.

ताई : मग आता येऊ दे की मला. शेवटच्या प्रकरणात मी काय बिघडवणार?

बाळ्या : येऊन करशील काय? वकील झाले, आजारपण झालं, मुलीचं लग्नही लावून पाहिलं. समजूत घालून ऐकणारे नाहीत ते.

ताई : समजूत कोण घालतंय? मी खाली बसेन आणि धाकट्याला म्हणेन, माझे गुडघे दुखतात रे, जिना चढवत नाही. जरा वर जाऊन दादाला बोलावून आण.