पैलवानाच्या टाकीत मोती

हॅलो?… हां आक्का! अगं मघाधरनं लावतीय, उचलंनास… बाजारात? मग त्या भेंडीवालीचं उरक आधी आणि जरा बाजूला ये. गडहिंग्लजचा सगळा बाजार ऐकू येतोय मला.

…न्हाय, घरात सगळी बरी हायत. हे जेवून घोरत पडलेत. मलाच काय झालंय ते इचार.

मोना वर आलीया… मोना गं! धाकटी जाऊ माझी, दुसरी कुठली मोना? खालनं वर आलीया, बाहेरच्या खोलीत उभी हाय. हातात मग, मगात मासा… चहा कुठला? पाणी! पाण्यात मासा. तिचा मोती.

म्हणती, "ताई, तुमची टाकी मोठी हाय, माझा मोती तुमच्या पैलवानासंगं सोडू का?"

…पैलवान म्हणजे माझा मासा की गं. निळा, मोठ्या शेपटाचा. मागं तू आलतीस तवा त्याला बोट दाखवत बसलीवतीस, तो. बेट्टा. दुकानात फायटर म्हणतात बघ… हां, तोच. आणि मोनाचाबी तसलाच. पांढरा. रंकाळ्याजवळच्या त्याच दुकानातनं आणला, मी आणलावता तिथनंच. माझं बघून!

…"मग सोडू दे की" काय? अगं दोन नर हायत! दोन फायटर नर एका टाकीत जगत न्हाईत आक्का. पहिलं गाल फुगवत्यात, मग शेपटाच्या चिंध्या, मग पोटाला चावे. एक मरंपर्यंत दुसरा दम खात न्हाय… न्हाय, टाकी मोठी असली म्हणून काय झालं? मोठ्या टाकीत पाठलाग मोठा… मादीसंगं तरी कुठं? तीबी भांडती. गोगलगाय चालती, तळाला गप बसणारं बारकं मासं चालत्यात. पण नर नराला? अगं, माझा पैलवान आरशात स्वतःला बघून अंगावर जातोय!

…तिला कुठलं ठाऊक? तिला वाटतंय एका जातीचं हायत, भाऊ-भाऊ म्हणून ऱ्हातील. जसं काय भाऊ-भाऊ ऱ्हात्यात!

…मी? मी काय म्हटलं? काय न्हाय. "थांब, आक्काचा फोन हाय" म्हटलं आणि आत आले.



…न्हाय सांगितलं अजून. न्हाय म्हणजे न्हाय. तू आधी सगळं ऐक, मग बोल.

आज ती आणि तिचा नवरा ऋतुराज जोतिबाला गेलती. नवं जोडपं, जाणारच की. संगं आमच्या सासूबाई. गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कुणाला ठाऊक, डोंगर चढून आल्या. मला "येतीस का" म्हणून तोंडदेखलं तरी इचारायचं! न्हाय. दुपारी परत आल्या आणि काय, सगळ्या घराला गुलाल. मोनाच्या कपाटाला गुलाल, मोनाच्या मिक्सरला गुलाल, ऋतुराजची नवी गाडी तर अशी माखली की गाडी कुठल्या रंगाची ते कळंना. आणि मग मोनाच्या माशाच्या टाकीवर "चांगभलं" म्हणून मूठभर गुलाल आणि वर खोबऱ्याचा तुकडा!

…वर म्हणजे आत गं! पाण्यात! त्या टाकीला झाकण कुठाय? काचेची बारकी गोल टाकी. पाणी झालं गुलाबी आणि मासा लागला तडफडायला.

…हसू नकोस. मलाबी आलतं, पण हसू नकोस.

…त्यांना काय कळतंय त्यातलं? आशीर्वाद म्हणून टाकला आणि जाऊन आडव्या झाल्या. त्यांना पत्ताच न्हाय. आणि मोना मला काय म्हणती? "ताई, आत्तींना सांगू नका हं, हौसेनं टाकलाय, जीवाला लावून घेतील." बघ! मासा मरायला टेकलाय आणि हिला सासूच्या जीवाची काळजी. ह्या चांगुलपणाचाच राग येतोय मला. जरा वंगाळ असती तर बरं झालं असतं.

…व्हय, जळतीय मी! जळतीय. तुला न्हाय सांगायचं तर कुणाला सांगू?

अगं, माझी टाकी आणली तवा बाई काय म्हणाल्या? "मासा काय पाळायचा, कालवणात टाकायचा." एवढंच. कधी येऊन बघितला न्हाय. कुंकवाचं बोट न्हाय लावलं टाकीला, गुलाल तर लांबच. आणि मोनाचा मासा? "काय गोजिरा हाय गं, जसा चांदीचा!" चांदीचा! रोज सकाळी खाली चालतंय, "मोती उठला का?" मी जिन्यात उभी राहून ऐकतीय.

…उगंच न्हाय बोलत. एवढी वर्षं माझ्या हातचं जेवल्या. आजारपणात पाय चेपलं, पांढरा रस्सा त्यांना पायजे तसा पातळ करून दिला. आणि मोनाचा पाय उंबऱ्याला लागला न लागला, ह्या गाठोडं उचलून खाली. म्हणं "जिना चढवत न्हाय." मोनाचं लग्न झाल्यापासनं एकदा वर आल्या न्हाईत. जोतिबाचा डोंगर चढवतोय, माझा जिना चढवत न्हाय!

…आता तू सांग. मी नुसतं "सोड" म्हटलं, तर? मी काय केलं त्यात? तिनंच इचारलं, तिनंच सोडला. पैलवान काय करायचं ते करंल. मला कोण बोलणार हाय?

…वरडू नकोस! भेंडीवाली बघत असंल.

…आक्का, ऐक ना… ऐक की… न्हाय, मी तसली न्हाय. मला म्हायती हाय मी तसली न्हाय. पण मघाशी तोंडापर्यंत आलतं गं. "सोड" एवढंच म्हणायचं होतं. म्हणून तर आत पळून आले आणि तुला लावला.

…व्हय… व्हय… माशानं काय केलंय, खरंय. त्यानं कुठं गुलाल मागितलावता.

…बरं, जाते. जाते म्हटलं न्हवं! तू ठेवू नकोस, कानाला धरूनच जाते.

मोना, आण इकडं बघू… आई गं. आक्का, आडवा पडलाय. कल्लं गुलाबी झालेत पार… तोंड उघडतोय नुसतं…

मोना, टाकीत न्हाय सोडायचा. ऐक माझं. दोन फायटर एका टाकीत न्हाय ऱ्हात. माझा पैलवान मारून टाकंल त्याला… व्हय, खरंच. मघाशीच सांगायला पायजे होतं मी… न्हाय, बादलीत नको, सकाळच्या नळाला औषधाचा वास येत होता… बरणी? लोणच्याची नको बाई, तेल असतंय, मीठ असतंय. थांब, माझी साखरेची काढते.

…काय न्हाय गं आक्का, साखर पातेल्यात वतली. मुंग्या लागतील तर लागूंदे.

हां मोना, आता धू. साबण नको, नुसत्या पाण्यानं. आणि ह्याच टाकीतलं पाणी घे, पैलवानाचंच. मुरलेलं हाय, चांगलं हाय. पाणी एकमेकांचं चालतंय, जागा चालत न्हाय… हां, भर अजून. आता मगातला मासा तेवढा घे, ते गुलाबी पाणी नको घेऊस… हातानं न्हाय! चहाच्या गाळणीनं… हळू… हां. सोड.

…थांब आक्का. बघतोय आम्ही.

…न्हाय, हलंना अजून.

रडू नकोस गं मोना. डोळं पूस. तुझ्या मोतीची शेपूट माझ्या पैलवानापेक्षा झोकात हाय, एवढी शेपूट घेऊन मरत न्हाय कोण.

…हलला! आक्का, हलला! वर आला, तोंड काढलं, हवा घेतली!… व्हय, ते वरनं हवा घेत्यात… सरळ झाला. अगं, सरळ झाला की!

आता गं बया! बघ, बघ, पैलवान बघ. काचेतनं दिसला न्हवं का त्याला, लागला गाल फुगवायला! ये मर्दा, जरा तरी कळ काढ, आजारी माणूस हाय समोर! मोना, ती परात आण, दोघांच्या मधी उभी कर. दिसलं न्हाय की भांडण न्हाय… हां, झालं. गपगार झाला.

…काय म्हणालीस आक्का? …व्हय, आपल्याबी घरात एक परात पायजे होती. तुझं तोंड म्हणजे नुसतं…

थांब. जिन्यात कोण हाय? ऋतुराज का?

…आक्का. सासूबाई हायत.

…वर येतायत! कठडा धरून, बसत-उठत… मोना, जा, हात दे त्यांना… नको म्हणत्यात, आपल्या आपण येतो म्हणत्यात.

आत्ती, कशाला जिना चढलासा? हाक मारायची की, मीच आले असते.

…आक्का, मूठ झाकलीया त्यांनी. मुठीत गुलाल हाय. म्हणत्यात, "धाकटीच्या माशाला लावला, थोरलीचा ऱ्हायलाच की. मनाला लागून ऱ्हायलं, झोप लागंना. म्हणून आले."

…आक्का, काय करू गं मी?

…न्हाय, सांगता येत न्हाय! सांगितलं की मोतीचं कळंल त्यांना. मोना बघ कशी मान हलवतीया माझ्याकडं बघून… आणि त्या निघाल्या टाकीकडं…

आत्ती! थांबा! त्याला नको!… का म्हणजे… न्हाय, इटाळ-बिटाळ काय न्हाय… राग? तुमचा कशाला राग धरीन मी?… तसं न्हाय हो… आत्ती, त्या माशाला काय कळतंय गुलालातलं?

मला लावा की.

…व्हय, मलाच. तुमच्या हातचा कधीचा ऱ्हायलाय.

…

…

…हां आक्का. हाय मी… लावला. कपाळभर लावला, गालाला लावला, उरलेला भांगात भरला… "चांगभलं" म्हणाल्या… आणि म्हणाल्या, "येडी हाईस, मागायचं न्हवं का आधी?"

…न्हाय, माशाला न्हाय लावला. मूठ रिकामी झाली माझ्यावरच… त्या व्हय? बसल्यात की हितंच, पलंगावर. मोनाला इचारतायत, दोन माशांच्या मधी परात कशाला उभी केलीया म्हणून. चहा वरच घेऊया म्हणत्यात.

…व्हय, टाकते. साखर पातेल्यात हाय, बरं झालं.

…रडत न्हाय गं मी. डोळ्यात गुलाल गेलाय म्हटलं न्हवं?… म्हटलं न्हवतं? मग आता म्हणतीय. ठेव की!