समुद्र लिहिला, तांडा राहिला

तुम्ही हसाल, पण मला अजून राग येतो. आमच्या ग्रामसभेत कम्प्युटरवाल्या दत्तानं गावाची माहिती वाचून दाखवली. नळाची लाइन कुठंकुठं न्यायची, ते ह्याच कागदावरून ठरणार होतं.

"गावाच्या पूर्वेला समुद्र आहे," दत्ता वाचू लागला. "लोकांचा मुख्य धंदा मासेमारी."

सगळे खो खो हसले. सरपंच म्हणाले, "काहून रे, हिंगोलीत समुद्र कुठून आणलास?"

"फिलिपिन्समधल्या एका गावाची माहिती इंटरनेटवर सापडली. लय बराबर लिहिलेली होती. नावं तेवढी बदलली."

मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी उठलो. "दत्ताभाऊ, त्यात आमचा तांडा हाये का?"

"न्हाई. त्या फिलिपिन्सच्या गावात वस्त्या जेवढ्या होत्या, तेवढीच आपली नावं बसली."

माझी माय रोज दोन किलोमीटरवरून पाणी आणते, अन् तांड्याला कागदावर जागा नाही!

"बस रे पोरा," सरपंच म्हणाले. "चूक दुरुस्त करू."

आठ दिवसांनी तालुक्याला जायचा कागद पंचायतीत पाहिला. समुद्राच्या ओळीवर काट मारली होती. तांडा कुठंच नव्हता.

दत्ता म्हणाला, "समुद्र काढला ना? आता काय तकलीफ हाये तुला?"

मी त्याच्याच खिशातला पेन घेतला. शाळा सातवीत सोडली असली, तरी तांड्याचं नाव मला लिहिता येतं. खोडलेल्या समुद्राच्या वर ते ठळक लिहिलं अन् म्हणालो, "आता हे खोडून दाखव."