बँडचं नाव वलगाव

तुम्ही हसाल, पण दार्जिलिंगहून शिकून आलेली मी चौघांचा रॉक बँड काढते आणि त्याला गावाचंच नाव देते म्हटल्यावर वलगाव खूश होईल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. ड्रमवरचं ‘वलगाव’ वाचून भजनी मंडळाचे नामदेवकाका म्हणाले, “गिटार वाजव पोरी, पण हे नाव काहून?”

“गाव सगळ्यांचंच ना, काका!”

“आमचं मंडळ गावाच्या नावानं कौंडण्यपूरच्या वारीले जाते, तं हरेक मोहल्ल्याचा माणूस संग असते. तुमी चौघं एकाच गल्लीतले. मंग गल्लीचं नाव लावा न!”

हा नकार की परवानगी, मला कळेना. समतेवर भाषणं तर मीच द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा गावातल्याच बौद्धपुऱ्यात गेले आणि ढोलकी वाजवणाऱ्या सुखदेवभाऊंना विचारलं, “आमच्या बँडमध्ये याल का?”