मधमाशीची रिकामी जागा

...आणि वर शाल-नारळ! अहो, कशाबद्दल? तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं.

महाडच्या बाजारात माझं बियाणं-औषधांचं दुकान, शिक्षण आठवी, बाकीचं बाटल्यांवरची पत्रकं वाचून... तर पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या शाळेतून राजश्रीबाईंचा फोन, "अरविंदशेठ, मुलांना मधमाशीचं महत्त्व सांगायला या, तुमच्याइतका अनुभव कुणाला!" म्हटलं येतो. आदल्या दिवशी भिकू म्हणून एक गिऱ्हाईक आलं, "शेठ, व्हरांड्यात ह्ये एवढं मोहोळ हाय, उद्या मोठा पावना येतोय, त्याला चावली तर शोभा व्हईल, कायतरी जालीम द्या!" आता मोठा पाहुणा म्हटल्यावर मी माझ्याच डोक्यात येईन कसा? दिली बाटली! वर सल्ला फुकट, "घाई नको, संध्याकाळी सगळ्या घरी परतल्या की मार..." धंदा मनापासून करावा लागतो हो!

दुसऱ्या दिवशी शाळेत चहा घेऊन समोर कोण? भिकू! तिथला खिचडीवाला! फळ्यावर ‘मधमाशी आपली मैत्रीण’, खाली झाडून कोपऱ्यात लोटलेला मेलेल्या माश्यांचा ढीग... आणि मी बोललो, बरं का, अर्धा तास बोललो! पराग, फूल, फळ, सगळं! टाळ्या, शाल-नारळ! चहासुद्धा संपवला. मला काही वाटलं नाही.

मग सेजल नावाची चौथीतली पोरगी उठली, कंपासपेटी उघडली, आत कापसावर पाच माश्या. "काका, ह्या उठतील ना?" अहो, एवढंच कुठल्या पत्रकात छापलेलं नसतं! म्हटलं, "नाय गो." "मग आमच्या परसबागेतला भोपळा कोण धरवणार?"

ती परसबाग म्हणजे पोरांची दुपारची भाजी! भिकू म्हणतो, "मला चूल हाय." बाई म्हणाल्या, "शेठ, नराचं फूल मादीच्या फुलाला कसं लावायचं, तुम्हीच किती छान सांगितलंत!"

तेव्हापासून रोज सकाळी सातला स्कूटर घेऊन मी त्या वेलात! ऊन चढलं की फुलं मिटतात, म्हणून दुकान अकराला. मागे सेजल, "काका, ते राहिलं! ते पण!" सहा भोपळे धरलेत. मला काही वाटत नाही...

काल भिकू कानाशी आला, "शेठ, उद्या मोठा पावना येतोय, तेवढं सकाळी वेलातून हला, बरं दिसत नाय."

म्हटलं, हलतो बाबा. बाटली नाही ना आणलीस?