घरच्या सुऱ्या

—नाही, बसा तुम्ही, त्या डब्यावर बसा. पण हे काम मी लगेच हातात घेणार नाही. आधी मला सांगा, ही धार कुणी घालवली? गेली नाही बाई, घालवली. त्यात फरक आहे. वापरून सुरी बोथट होते ना, तेव्हा ती आधी पोटाला झिजते, मुठीजवळ थोडी धार राहतेच. ही बघा — बोट लावा, खुशाल लावा, काही होणार नाही, तेच तर म्हणतोय — मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी सपाट. कुणीतरी दगडावर उभी धरून ओढलीय. सावकाश, घाई न करता. दुसरी तशीच, तिसरीही तशीच, आणि कात्रीसुद्धा. घरातलं सगळं एकाच वेळी असं बोथट होत नाही हो. — तुमच्या घरच्या? बरं. तुम्ही म्हणताय तर असतील.

पडद्याकडे बघू नका सारखं. पलीकडे आमचं घर आहे, बाळ झोपलंय. ती कुरकुर येतेय ना, तो पाळणा. दोरीचं दुसरं टोक त्याच्या आईच्या हातात असतं. माझा एक कान कायम तिकडे. कुरकुर चालू म्हणजे सगळं ठीक, थांबली की मी उठतो. काहीतरी निमित्त काढतो — पाणी प्यायला जातो, चष्मा शोधायला जातो. चष्मा कपाळावरच असतो, सूनबाई म्हणते, "बाबा, वर हात लावा." हसू दे. तेवढ्यात मला पाळण्यात डोकावून घेता येतं. — हो, नात. ठिणगी म्हणतो मी तिला. खरं नाव मोठं आहे, तिच्या आईनं ठेवलेलं, माझ्या तोंडात बसत नाही. चाकाचा एवढा आवाज, पण पोरगी त्यातच गाढ झोपते. — आणि तो फोन उलटा ठेवा जरा. संशय वगैरे काही नाही. पण उलटा ठेवा.

आता स्पष्टच बोलतो. तुमचा आवाज मी आधी ऐकलाय. आत आल्या आल्या तुम्ही "किती वेळ लागेल काका?" म्हणालात ना, तेव्हाच माझा हात थांबला. चेहरा कधी पाहिला नाही, पण आमचं अर्धं काम कानानं चालतं. पातं चाकाला नीट लागलं की नाही, ते डोळ्यांना नंतर कळतं. तुम्ही त्या फोनमधल्या ताई. दुपारी सूनबाई कविता वाचते आणि तुम्ही पलीकडून "वा" म्हणता. म्हणता ना? आणि एकदा म्हणालात, "छान आहे गं, पण अजून खोल जा." मी इथे शिंप्याची कात्री धरून बसलो होतो. अजून खोल जा! कुठे खोल? नुकतीच बाळंत झालेली बाई ती, नवरा सदा फिरतीवर, घरात एक म्हातारा आणि एक तान्हं पोर — आणि तुम्ही तिला खोल जा म्हणता. विहीर आहे का ती? आणि गेली खोल, तर वर काढायला कोण येणार होतं, तुम्ही? — पाणी घ्या. घ्या हो, पाण्यावर काही राग नाही माझा.

म्हणजे सुऱ्या तुमच्या नाहीत. मला ठाऊक होतं. या मुठीला तांब्याची तार कुणी गुंडाळली? मी. ही बारीक सुरी माझ्या बायकोची, धार लावून लावून पातं अर्धं राहिलंय तरी ती टाकू द्यायची नाही. आणि हे फडकं — पिवळ्या ठिपक्यांचं — हे ठिणगीचं दुपटं आहे, काल दोरीवर वाळत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या असत्या तर मी कदाचित गप्पही बसलो असतो. पण लेकराच्या दुपट्यात सुऱ्या कुणी गुंडाळतं का? तिनंच दिल्या ना? मागच्या दारानं? आणि काय म्हणाली? — "गिऱ्हाईक म्हणून जा." बस्स? आणखी काही नाही? चिडली होती का? रडत होती? — हसत होती? कशी हसत होती? नाही, हसण्याहसण्यात फरक असतो बाई. बघा, तुम्हालाही सांगता येत नाही.

तिच्या बोटाची पट्टी पाहिली असेल तुम्ही. मला म्हणाली, डब्याचं झाकण लागलं. मी म्हणालो, बरं. झाकणानं असं कापत नाही. टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरली की ती नेमकी डाव्या हाताच्या बोटावर येते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगत आलोय, लोक कंटाळले ऐकून — धार नसली की जोर लावावा लागतो, जोर लावला की सुरी घसरते, धारेच्या सुरीला एवढं घाबरू नका, बोथटला घाबरा. इथे बसून जगाला सांगतो, आणि पडद्यापलीकडे माझ्याच सुनेच्या बोटाला पट्टी. लोक हसतील. धारवाल्याच्या घरात कांदा चिरत नाहीत, ठेचतात!

मग मी तुम्हाला का विचारत होतो, धार कुणी घालवली म्हणून? — तुम्हाला किती माहीत आहे ते बघत होतो. बघत होतो, तिनं तुम्हाला काय काय सांगितलंय. आता तुम्ही अशा बघताय म्हणजे — हो. मीच. ती अंघोळीला गेली होती. याच दगडावर. धार लावायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्याही वेळात ती घालवता येते, पण माझा हात उचलत नव्हता. बायकोच्या सुरीपाशी तर थांबलोच होतो. मग तीही ओढली.

का म्हणजे? तुम्हीच विचारताय का? ती कविता तुम्हीच ऐकलीत की!

मी चोरून ऐकत नाही. ऐकू येतं. म्हणजे — आधी नुसतं ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाशी गप्पा मारतेय. "तू आलीस आणि घरातलं घड्याळ दुधावर चालायला लागलं" — मी इथे एकटाच हसलो. बरोबर आहे ना? माझी जेवायची वेळसुद्धा आता ती पोरगी ठरवते. मग दुसरी एक होती — "सगळे विचारतात, बाळ कुणासारखं दिसतं, मी आरशाला विचारते, मी कुणासारखी दिसते." ती ऐकून मी दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत होतो. खरंच उतरलंय तोंड. मी बाजारातून येताना तिला केळी आणली. आणखी काय करणार, म्हातारा माणूस? मग मी दुपारची कामं पुढं ढकलायला लागलो. ती वाचायला बसली की चाक बंद. गिऱ्हाइकाला सांगायचं, मोटर तापलीय. — हो, मग चोरूनच म्हणा. म्हणा तुम्ही.

आणि मग ती सुरीची. मला पाठ आहे, माझ्या तोंडून तशी येणार नाही, पण — "तू रडतेस, मी कांदा चिरते, दोघींच्या डोळ्यांत पाणी, पण कारण एक नाही. सुरी माझ्याकडे बघते, मी सुरीकडे बघते. दोघींपैकी एक आज हे घर सोडून जाईल." — आता सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला त्यात वा म्हणण्यासारखं दिसलं असेल. मला सुरी दिसली. ती कोणती सुरी, मला माहीत आहे. तिला धार कुणी लावलीय, तेही माहीत आहे. केस कापील अशी धार होती तिला, माझ्या हातची. आणि आत ती, आणि ते एवढंसं पोर. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मुलाला सांगायचं? तो तिकडून कामधंदा टाकून येणार, आणि येऊन काय बोलणार — तुझी कविता ऐकली बाबांनी, म्हणून? सुऱ्या लपवल्या तर ती विचारणार, कुठे गेल्या. बोथट झाल्या तर कुणी विचारत नाही. सुऱ्या काय, बोथट होतातच. — बरोबर आहे. धारवाल्याच्या घरी होत नाहीत. ते माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्या आलं असणार.

म्हणजे तिला सगळं कळलंय. — नका बोलू. कळलंय तिला. म्हणून तर स्वतः आली नाही. समोर उभी राहून "बाबा, धार लावून द्या" म्हणाली असती, तर मी कुठे बघितलं असतं? म्हणून तुम्हाला गिऱ्हाईक करून पाठवलं, आणि मला समजावं म्हणून दुपटं. अशी आहे ती. आणि मी —

तुम्ही बसलाय ना, तिथेच माझी बायको बसायची. आमचा हा फिरतीवरचा तेव्हा तान्हा होता. त्याला पाळण्यात टाकून ती इथे येऊन बसायची आणि म्हणायची, चाक चालू ठेवा. मी म्हणायचो, काम नाहीये आत्ता. नसू दे, तुम्ही चालू ठेवा. तो आत रडायचा आणि चाकाच्या आवाजात तो ऐकू यायचा नाही. ती ठिणग्यांकडे बघत बसायची. मी आपला एक जुना खिळा धरून ठेवायचो चाकावर, ठिणग्या पडत राहाव्यात म्हणून. माझी आई आतून ओरडायची, पुरे झाले नखरे. मग एक दिवस ती आलीच नाही. मी आत जाऊन पाहिलं, तर पोराला मांडीवर घेऊन त्याच्याशी भांडत होती — "नाक तेवढं बापाचं घेऊन आलास मेल्या, दुसरं काही मिळालं नाही?" मधे काय झालं? मला काय ठाऊक! तिला सांगता येत नव्हतं, मला विचारता येत नव्हतं. ती गेली तरी विचारायचं राहिलंच. आणि हिला सांगता येतं. ही स्वच्छ सांगते. म्हणून तर भीती वाटते हो. एवढं स्वच्छ सांगितलेलं खोटं कसं असेल?

काय? पुढे आहे? कवितेत?

नाही, मी नाही ऐकलं पुढचं. कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं. मीच — "घर सोडून जाईल" ऐकलं आणि मीच चाक लावलं. हातात काही नव्हतं, नुसतंच फिरवत ठेवलं. — आता कळलं का तुम्हाला? मी बायकोसाठी लावायचो, तसंच लावलं, फक्त या वेळी माझ्यासाठी.

म्हणा. हळू म्हणा, मला एकदम ध्यानात राहत नाही.

"मग तू झोपतेस. मी सुरी धुते, पुसते, जागेवर ठेवते." — थांबा. "झोपेत तुझा हात शोधत येतो, आणि मी सापडते. रागावलेली, दमलेली, पण मी सापडते."

झालं? एवढंच?

हे तुम्ही आत्ता इथे बसून रचलं नाही ना? म्हाताऱ्याची समजूत काढायला? तुम्हाला काय, तुम्ही लोक बसल्या जागी रचता. माझ्याकडे बघून सांगा. — नाही. नाही, तुमचं नाही हे. "धुते, पुसते." पुसायचं तुम्हाला सुचलंच नसतं. ओली सुरी ठेवली की गंज धरते, लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, ही कुठली लक्षात ठेवतेय. ते तिनं कवितेत घातलं? माझं सांगणं? — नाही, डोळ्यांत काही नाही. लोखंडाचा कीस उडतो इथे.

थांबा. कुरकुर थांबली.

कधी थांबली? तुमच्या लक्षात आलं का? बोलता बोलता माझंही — हलू नका. पडद्याखाली पाय दिसतायत का बघा, माझ्या डोळ्यांना एवढं दिसत नाही. नको, बघू नका. राहू दे. किती वेळची उभी आहे कोण जाणे. मीही असाच उभा राहतो, फक्त या बाजूला.

बघा, आधी ही बारीक सुरी घेतो. तिचं आता फार पातं उरलं नाही, पण लागेल. मग तारेची. कात्री शेवटी. तुम्ही न्यायला थांबू नका, घरच्या आहेत, घरात जातील. दुपटं आत घेऊन जा. — हो, आतच जा तुम्ही, पडद्यातून, तिथूनच. चहा देईल ती. आणि तिला सांगा — जपून धर म्हणावं. आता धार आहे.

काय वाचायचं ते वाचा दोघी. सरका, ठिणग्या उडतील. मी चाक लावतोय, मला काही ऐकू यायचं नाही. जा.