न केलेला फोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय रुद्रप्पा पाटीलसाहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या आरोग्य केंद्राच्या चन्नम्मा सिस्टर, आणि समोर मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या माझ्या भगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मी उत्कर्षा, शाळेत विज्ञान शिकवते. मला पाच मिनिटं दिली आहेत. शिक्षकाच्या हाती माईक देऊन पाच मिनिटांची अपेक्षा ठेवणाऱ्या आयोजकांचं प्रथम अभिनंदन!

बत्तीस वर्षांत सिस्टरांनी किती बाळं पाहिली ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी एकाच बाळाचं सांगणार आहे. माझी आरोही. आता चौथीत आहे. ती जन्मली तेव्हा घरात रडणारी माणसं दोन होती, एक ती आणि दुसरे तिचे वडील. हसू नका, आमचे अमृतराव समोरच बसलेत! बाळ शिंकलं, की यांचा सिस्टरांना फोन. उचकी लागली, फोन. झोपेत दचकून हात फेकले, फोन. पायाची कातडी सुटली तेव्हा तर, "सिस्टर, पोरगी सोलून निघतीया हो!" सिस्टरांचं उत्तर ठरलेलं, "दूध पितीया न्हवं? शी-शू करतीया? अंग गरम न्हाई? मग तुमीच जरा झोपा की!"

पण पाचव्या दिवशी कुणीच फोन केला नाही.

माझं बाळंतपण माहेरी, इथंच सोलापुरात. पाचवीच्या पूजेची तयारी चालली होती. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या केराबाईंनी झबलं काढलं, तर छाती दोन्हीकडं सुपारीएवढी सुजलेली आणि टोकाला दुधाचा थेंब. माझी आई कस्तुराबाई म्हणाली, "पिळून काढाय पायजे. न्हाईतर गाठी ऱ्हात्यात." केराबाईंनी कोमट तेलात बोटं बुडवली. आणि विज्ञानाच्या या बाई काय करत होत्या? बाळाचे हात धरून बसल्या होत्या! मला आजही त्याची लाज वाटते.

तेवढ्यात सिस्टर घरभेटीला आल्या. उंबऱ्यातूनच कडाडल्या, "ब्याड! नको! हात काढा आधी!" अक्कलकोटकडच्या त्या, रागावल्या की आधी कानडी बाहेर पडते. मग खाली बसून त्यांनी समजावलं. पोटात असताना आईकडून मिळालेल्या संप्रेरकांमुळं असं होतं, मुलगा असो वा मुलगी. काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. लाल झालं, पू दिसला, ताप आला, तर लगेच दवाखाना. एरवी हातसुद्धा लावायचा नाही.

केराबाई तडकल्या. "चाळीस वर्सं पिळतीया मी. कुणाचं काय वाकडं झालं?"

पुढचं मी सिस्टरांची परवानगी घेऊनच सांगते आहे.

"माजं झालं, केराबाई," त्या म्हणाल्या. "मी पाच दिवसांची असताना आजीनं असंच पिळलं. पू झाला, चिरा द्यावा लागला. पुढं माजं पोरगं जन्मलं, तर त्या बाजूला दूध उतरलंच न्हाई. आजी लई मायेची हुती माजी."

केराबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. आईनं आरोहीला उचलून नुसतं दुपट्यात गुंडाळलं. आठवडे गेले, सूज गेली.

भगिनींनो, घाबरून फोन करणारा बाप परवडला. आम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणून फोन न करणाऱ्या आम्ही तिघी जास्त धोक्याच्या होतो. तेव्हा शिंकेसाठीसुद्धा बेलाशक विचारा.

गेल्या महिन्यात माझ्या भावाला मुलगा झाला. पुन्हा पाचवी, पुन्हा तशीच छाती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "केराबाई, पिळा की!" सत्तरी गाठलेल्या केराबाईंनी बाळ पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "हितं कुणी हात लावायचा न्हाई. आमच्या चन्नम्माचं झालं तेवढं बास हाय."

सिस्टर, तुम्ही निर्धास्त निवृत्त व्हा.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. आपण मन लावून ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, अमृतरावांची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, तर लेकीचं बोलणं म्हणून पोटात घाला. आता सिस्टरांना शाल द्यायची आहे. अध्यक्षांनी तो मान आनंदानं दुसऱ्यांना दिला आहे.

केराबाई, तिसऱ्या रांगेतून उठा. वर या.